मुक्या घोडेस्वाराशी माझं वैर

माझ्या बायकोला पोट धरून हसताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि मी स्वतःच्या घराच्या दाराबाहेर उभा होतो.

दुपारचे तीन वाजले असतील. मी पाटबंधारे खात्यात आहे. कावेरीचं पाणी कोणत्या कालव्यात किती सोडायचं याचे कागद माझ्या टेबलावरून पुढे जातात. त्या दिवशी एक नकाशा घरी राहिला म्हणून परत आलो होतो. आमची गल्ली तंजावुरच्या राजवाड्याच्या मागच्या अंगाला, अरुंद. दोन ते चार माझी आई झोपते आणि तिची झोप इतकी पातळ की शेजारच्या घरात चमचा पडला तरी तिचा डोळा उघडतो. म्हणून मी गल्लीच्या तोंडाशीच मोपेड बंद केली, ढकलत आणली, चपला हातात घेतल्या आणि कडीला हात घातला. तेवढ्यात आतून हसू आलं.

आधी नाकातून सुटलेला एक फुसकारा. मग काहीतरी दाबून धरल्याची शांतता. मग ते दाबणं फसलं आणि एक बारीक, थरथरता आवाज सुरू झाला, कुकरची शिटी होऊ की नको करते तसा. मी चपला धरून तिथंच थांबलो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हसू मला ओळखता येतं, कारण बहुतेक वेळा ते मीच आणलेलं असतं. हे त्यातलं नव्हतं.

इथं मला स्वतःविषयी थोडं सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही. तंजावुरातल्या मराठी घरांत लग्न असो, मुंज असो, बारसं असो, जेवणं आटोपली की मंडळी भिंतीला पाठ टेकतात, विड्याची पानं पुढे ओढतात आणि कुणीतरी मला विचारतं, मग, काय विशेष? मी आधी म्हणतो, विशेष काही नाही. हे म्हणावंच लागतं. त्यानंतर मी उठतो. चुकीच्या मंगल कार्यालयात जाऊन, जेवून, दुसऱ्याच नवरानवरीला आशीर्वाद देऊन आलेल्या मामांची गोष्ट मी निदान साठ वेळा सांगितली असेल, आणि साठाव्या वेळेला सुद्धा एका विहीणबाईंना ठसका लागून पाणी द्यावं लागलं. चार कोसांवरच्या तिरुवैयारूपर्यंत माझं नाव आहे. लोक मुहूर्त ठरवताना गुरुजींना विचारतात आणि मग मला विचारतात.

एकाच माणसाला मला कधी हसवता आलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती नव्या सुनेला शोभेल असं ओठ मिटून हसायची, ते मी हिशेबात धरत नाही. पुढे तेही गेलं. मी गोष्ट संपवून, घाम पुसून, घरी येताना मोपेडवर मागे बसलेल्या तिला विचारायचो, कशी झाली? मागून उत्तर यायचं, "हं." या "हं"मध्ये राग नव्हता, कंटाळा नव्हता, कौतुकही नव्हतं. गॅसचं सिलिंडर आलं असं मी सांगितलं तरी तेच "हं" यायचं. मी स्वतःची समजूत घातली होती की काही माणसांना गाण्यातलं कळत नाही, तसं हिला हसण्यातलं कळत नाही. बिचारी. तिच्यात तो अवयवच नाही.

आणि आता तो अवयव दाराआड शिटी मारत होता.

मी कडी काढली आणि पावलं न वाजवता स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेलो. ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात केळफूल सोलून ठेवलेलं, एकेका फुलातली कडक काडी काढून टाकायचं ते चिवट काम निम्मं झालेलं. तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. फोनवर एक काळंपांढरं चित्र हलत होतं आणि त्यातून कसलाच आवाज येत नव्हता. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मला पाहिलं तसा तिनं पदर खाली घेतला. "काय विसरलात?" तिनं विचारलं. चेहरा पुन्हा रोजचा झाला होता.

चेन्नईत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं ते चित्र पाठवलं होतं. आजी झोपलेली असताना आईला टीव्ही लावता येत नाही, कानात इअरफोनची बोंडं घातली तर आजीची हाक ऐकू येत नाही, म्हणून तिनं शोधून शोधून शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट काढला. याला आवाजच नाही आई, निवांत बघ, असं तिनं लिहिलं होतं. कल्पना चांगली होती. मला ती सुचली नाही याचंच मला पहिल्यांदा वाईट वाटलं, पण ते पुढच्या मानानं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी कचेरीत मागे थांबून मी तो मूकपट पाहिला. अमेरिकेतलं एक रखरखीत गाव, लाकडी घरं, धूळ, कमरेला पिस्तुलं लावलेली माणसं. आगगाडीतून एक काटकुळा न्हावी उतरतो. वाऱ्यानं त्याची टोपी उडते, गावच्या नव्या फौजदाराची टोपी त्याच्या डोक्यावर येऊन बसते, आणि ती टोपी पाहून गाव त्यालाच फौजदार समजतं. मग दरोडेखोर, मग घोडा. त्याला घोड्यावर बसता येत नाही. एकीकडून चढतो, दुसरीकडून पडतो. शेपटीकडे तोंड करून बसतो. एकदा घोडा खाली बसतो आणि हा उभाच राहतो. बावीस मिनिटांत तो चौदा वेळा पडतो. मी मोजलं.

एवढंच? मी स्वतःशी म्हणालो. पडणं म्हणजे काय विनोद झाला? पडायला अक्कल लागत नाही, जिना लागतो. माझ्या गोष्टीत मामा चुकीच्या कार्यालयात शिरतात तेव्हा तिथं आधी पायसमचा, म्हणजे खिरीचा, वास येतो, मग मामांचं मन डळमळतं, त्यात माणसाचा स्वभाव आहे, बारकावे आहेत. आणि हा गडी तोंडातून एक अक्षर न काढता, मातीत लोळून, माझ्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी काढून गेला.

मी त्याचा चेहरा मोठा करून पाहिला. नाक बरं होतं. डोळ्यांत काजळ घातलेलं होतं, तेही मला आवडलं नाही. मेलेल्या माणसाचा मत्सर करण्यात मोठी अडचण असते. त्याला टोमणा मारता येत नाही, चारचौघांत पाडता येत नाही, तो म्हातारा होईल याची वाटही बघता येत नाही. तो तसाच राहतो, तिशीतला, काटकुळा, आणि रोज दुपारी तीन वाजता तुमच्या स्वयंपाकघरात येतो.

कारण ती तो मूकपट रोज बघत होती. रविवारी मी घरी असायचो आणि वर्तमानपत्राआडून पाहायचो. आई झोपली की हिचा फोन डब्याला टेकलाच. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कसं आहे ते चित्र?

"बरं आहे."

"तो टोपीवाला बरं काम करतो म्हणे."

"कोण टोपीवाला?" ती म्हणाली आणि माझ्याकडे खरोखरच न कळल्यासारखं पाहिलं.

बघा. चोरी सापडली की माणूस असंच विचारतो. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी झोपलो. मात्र उठलो तो कामाला लागायचं ठरवूनच. तिला तो नेमका कुठं हसवतो ते एकदा कळलं असतं, तर मी ते करून दाखवणार होतो. नकलेत मला कोण हरवणार?

पुढच्या रविवारी मी ओट्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत बसलो. तिनं मूकपट सुरू केला त्याच क्षणी माझ्या फोनवर मीही सुरू केला. आतून हसू आलं की माझ्या पडद्यावर काय चाललंय ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवायचं, अशी योजना. पाच वेळा हसू आलं. पाचही वेळा मी पडद्याकडे पाहिलं आणि पाचही वेळा टोपीवाला काहीच करत नव्हता. एकदा तर तो खोलीतच नव्हता, दारातून नुकताच बाहेर पडला होता आणि मागे गुत्त्यातली गर्दी तेवढी उरली होती. एकदा तो चक्क पाठमोरा उभा होता.

शहाण्या माणसानं यावरून काहीतरी ओळखलं असतं. मी काय ओळखलं, तर हिचा फोन जुना आहे, रडतखडत चालतो, त्यामुळे तिचं चित्र माझ्या मागून येतंय. मी बसून हिशेब केला. अकरा सेकंद मागे सरकवलं तर पाचातली तीन हसणी बरोबर त्याच्या घोड्यावरून पडण्यावर येत होती. उरलेली दोन मी तिच्या आधीच्या हसण्याची राहिलेली उबळ म्हणून सोडून दिली. पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली आहेत मी. आकडे जुळत नसले की जुळवायचे कसे हे मला शिकवावं लागत नाही.

तर घोडा. ठरलं.

संधी चालून आली ती माझ्या थोरल्या चुलतभावाच्या साठीची. आमच्याकडे साठी झाली की तमिळ रिवाजाप्रमाणे नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात. अण्णा आणि वहिनी तिरुवैयारूला राहतात. घराच्या मागे कावेरी, पुढच्या दालनात चार साखळ्यांचा मोठा लाकडी झोपाळा. लग्नात वधूवरांना झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात, तसं त्या दोघांना बसवलं. साखळ्यांना फुलं गुंडाळली होती, केळीचे खांब लावले होते, अण्णा लाजत होते आणि वहिनी त्यांना सरळ बसा म्हणून दटावत होत्या. जेवणं झाली. झोपाळा रिकामा झाला. कुणीतरी मला विचारलं, मग, काय विशेष?

मी म्हणालो, विशेष काही नाही. आणि उठलो.

बायको बायकांच्या रांगेत, तिसऱ्या जागी, पानाला चुना लावत बसली होती. मी अशा बेतानं उभा राहिलो की तिला सगळं दिसावं. मग मी एका बावळट फौजदाराची गोष्ट रचून सांगायला लागलो, ज्याला राजांच्या काळात घोड्यावर बसून वसुलीला जायचं होतं. घोडा म्हणजे झोपाळा. एकीकडून चढलो, दुसरीकडून उतरलो. हशा. उलट्या तोंडानं बसलो. मोठा हशा. अण्णा मांडीवर थाप मारत होते. मी बायकोकडे पाहिलं. ती चुना लावत होती. मी ठरवलं की आता धावत्या घोड्यावर उडी घालायचा प्रकार करायचा. झोपाळा पुढे ढकलायचा, तो मागे येताना उडी घालून वर बसायचं आणि लगेच पलीकडे घरंगळायचं. टोपीवाला हे विजार घालून करत होता. मी जरीकाठी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसलो होतो. लाकडी फळी, साखळीतली फुलं आणि वेष्टीचा सोगा यांचं एकमेकांत काय जमलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी वर गेलो, जमिनीवर आलो, आणि फळी परत येताना माझ्या कमरेला भेटून गेली.

लोक इतके हसले की नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. मला उठता येत नाही हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, कारण मी उठण्याचा जो प्रयत्न करत होतो तोही त्यांना गोष्टीतलाच वाटत होता. एकच माणूस हसत नव्हता. ती हातातलं पान खाली ठेवून सरळ माझ्याकडे आली, वाकली आणि हळू म्हणाली, "हलू नका. पाय हलतात का ते सांगा." त्या क्षणी, कमरेतून कळ येत असताना, माझ्या मनात आलं ते एवढंच, की त्याला चौदा वेळा पडूनही काही होत नाही.

डॉक्टरांनी तीन आठवडे जमिनीवर सपाट पडून राहायला सांगितलं. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत चटई घातली. सकाळी ती तेल लावायची. दुपारी आई झोपली की मला बोलायची बंदी, हलता येत नव्हतंच. माझ्या आयुष्यात इतकं गप्प राहण्याची वेळ कधी आली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती भाजीची परात घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली, माझ्या उशीला दोन पोथ्या लावून डोकं उंच केलं, आणि फोन परातीला टेकवला. मला वाटलं, हा सूड आहे. असं अंथरुणावर पाडून, माझ्या डोळ्यांदेखत त्या काटकुळ्याला घरात घ्यायचं.

आगगाडी आली. टोपी उडाली. मी दात आवळून पाहत होतो. टोपीवाला गुत्त्यात शिरला, काहीतरी पाडलं, बाहेर गेला. आणि माझ्या कानाशी तो फुसकारा सुटला.

मी कुजबुजलो, "आता काय झालं? तो तर गेला."

"कोण गेला?"

"तुझा टोपीवाला."

तिनं चित्र थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग भाजीनं हिरवं झालेलं बोट पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. "अहो, त्याला कोण बघूलालंय? हिला बघा."

आमच्या घरची बोली मी या लिखाणात बरीचशी इस्त्री करून घेतली आहे, नाहीतर पुण्याकडच्या वाचकांची मान वाकडी व्हायची. पण हे वाक्य मी जसं ऐकलं तसंच ठेवतो.

गुत्त्याच्या अगदी मागे, डाव्या कोपऱ्यात, एक जाडजूड बाई पीठ मळत उभी होती. मी तो मूकपट नऊ वेळा पाहिला होता, तारखेवार टिपणं केली होती, आणि ती बाई मला एकदाही दिसली नव्हती. चित्र पुढे सुरू झालं आणि बायको माझ्या कानाशी कुजबुजत सांगू लागली.

"आता ह्या दरोडेखोरांनी दार फोडलं. पीठ उडालं. बघा, गोळा करूलाली. तांदूळ महाग, गव्हाचं काय कमी असेल?" मग थोडं थांबून, "आता गोळ्या झाडतील. वाकली बघा. घाबरून नव्हे. लाटणं पडलंय."

खरंच लाटणं पडलं होतं. ती ते घेऊन उभी राहिली, पदरासारख्या त्या पुढच्या फडक्याला पुसलं आणि पुन्हा मळायला लागली. तिच्या डोक्यावरून गोळ्यांचा धूर जात होता.

"आणि हा मिशावाला," बायको म्हणाली, "हा तिचा नवरा."

फळकुटाला रेलून एक माणूस उभा होता. भरदार मिशा, हातात पेला. तो सारखा बोलत होता. शेजारच्याला, त्याच्या शेजारच्याला, कुणी नसलं तर समोरच्या खांबाला. हात हलवत होता, भुवया उडवत होता, मधेच पेला ठेवून दोन्ही हातांनी काहीतरी केवढं मोठं होतं ते दाखवत होता.

"नवरा कशावरून?"

"ती त्याच्याकडे एकदाही बघत नाही. म्हणजे नवराच."

मी मिशावाल्याकडे पुन्हा नीट पाहिलं.

"आता दरोडेखोर पिस्तूल दाखवतील. बघा. सगळ्यांनी हात वर केले. त्यानंही केले. पण तोंड?" तोंड चालूच होतं. हात वर, पिस्तूल छातीवर, आणि मिशावाला दरोडेखोराला काहीतरी सांगत होता, मोठ्या तपशिलानं. बायकोनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मोठ्या कष्टानं तिनं पदर बाहेर काढला आणि श्वास घेत घेत म्हणाली, "आणि एक शब्द ऐकू येत नाही. एक सुद्धा."

ती कितीतरी वेळ हसली. मी छताकडे पाहत पडलो होतो. मला मिशा नाहीत, हा एवढाच आधार उरला होता.

आता इथं मला खरं लिहायला हवं. वाईट वाटायला हवं होतं ते मला वाटलंच नाही. मला हेवा वाटत होता, पण तो आता टोपीवाल्याचा नव्हता. तो बिचारा चौदा वेळा पडून फुकट गेला होता. मला हेवा वाटत होता तो माझ्या बायकोच्या कुजबुजण्याचा. कुठं थांबायचं ते तिला माहीत होतं. "घाबरून नव्हे" म्हणून ती जेवढा वेळ थांबली, तेवढा वेळ मी इतक्या वर्षांत एकदाही थांबू शकलेलो नाही. मी असतो तर लाटणं आधीच सांगून टाकलं असतं, मग त्याची लांबी सांगितली असती, मग ते कुणाच्या माहेरून आलं ते. पुढच्या दुपारी तिनं मला सांगितलं की त्या बाईला एक बहीण आहे, ती दुसऱ्या गावी दिली आहे, तिचं पत्र आलंय पण मिशावाला तो कागद पेल्याखाली ठेवून बसलाय. पडद्यावर पेल्याखाली कागद होता. मी दोन दुपारी त्या बहिणीच्या काळजीत काढल्या. पाट्यांवर इंग्रजीत जे काही येत होतं ते ती वाचतच नव्हती. तिला त्याची गरज नव्हती.

असं बघायला लागल्याच्या चौथ्या दुपारी मला राहवलं नाही. मी कुजबुजलो, "तो मिशावाला काय सांगत असेल? मी सांगू?"

तिनं आईच्या खोलीकडे मान केली. बोलायचं नाही.

मग मी न बोलता सांगितलं. पाठीवर पडल्या पडल्या, फक्त ओठ, भुवया आणि हात. चुकीच्या कार्यालयातल्या मामांची सबंध गोष्ट, पायसमच्या वासासकट, एक अक्षर न काढता. कमरेला कळ लागत होती, पण मी शेवटपर्यंत नेली. माझ्या मते ते माझं आजवरचं सर्वांत चांगलं काम होतं.

ती भाजी निवडायची थांबून सगळं पाहत राहिली. मग म्हणाली, "हं."

"का? काय चुकलं?"

तिनं भाजीचा एक देठ मोडला. मला वाईट वाटू नये म्हणून शब्द शोधत होती असं मला दिसत होतं. "काही चुकलं नाही," ती शेवटी म्हणाली. "पण त्याला कुणी बघूलालंय हे ठाऊक नाही. तुम्हांला नेहमी ठाऊक असतं."

ती परात घेऊन आत गेली. मी पडून राहिलो. तिचं बोलणं मला टोचलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. रोज येतो, आईशी बोलायला. मला आता कळलं होतं की दोघी त्यावर त्या पीठ मळणाऱ्या बाईचीच गोष्ट पुढे नेत असतात. जिला मी मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या ती मुलगी आता गोष्ट ऐकायला आईला फोन करते. ते दुःख बाजूला ठेवून मी फोन मागून घेतला आणि हलक्या आवाजात तिला सरळच विचारलं, आई माझ्यावर कधी हसली आहे का गं? तुझ्या आठवणीत, एकदा तरी?

पलीकडे ती हसायला लागली. "अप्पा, रोज."

"रोज?"

"तुमच्या साहेबांचा फोन आला की तुम्ही उठून उभे राहता. उघडे असलात तर उपरणं घेता. साहेबांना दिसतं थोडंच? तुम्ही उपरणं शोधायला लागलात की आई स्वयंपाकघरात पळते. मी लहान होते तेव्हापासून."

मला वाटायचं, कामाचं बोलणं चाललंय म्हणून ती अदबीनं आत जाते. लोकांना मी हे सांगितलंही होतं, की माझी बायको किती समजूतदार.

"आणखी?" मी विचारलं.

"नाही सांगत," मुलगी म्हणाली. "सांगितलं तर तुम्ही मुद्दाम कराल. मग आईचं काय राहील?"

मी खूप विनवलं. ती पक्की आहे, आईवर गेली आहे.

तर असा कुणीतरी एक माणूस या घरात आहे. तो माझे कपडे घालतो, माझ्या मोपेडवरून कचेरीत जातो, आणि माझ्या बायकोला सत्तावीस वर्षं रोज हसवतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. मी वळून बघायला गेलो की तो निघून जातो. टोपीवाल्याचा हेवा फार सोपा होता, तो निदान पडद्यावर तरी दिसायचा.

कमर आता बरी आहे. साहेबांचा फोन आला की मी उठायचं की बसायचं या विचारात अर्धा उठतो, आणि ते कुणालाच हसण्यासारखं वाटत नाही, मी खात्री करून घेतली आहे. परवा सकाळी मात्र कचेरीला उशीर झाला होता. मी मोपेडची किल्ली शोधत पुढच्या खोलीतून मागे, मागून पुढे हिंडत होतो, काहीतरी पुटपुटत होतो, डोक्यात त्या दिवशीच्या पाण्याचे आकडे होते. तेव्हा पाठीमागून तो फुसकारा आला.

मी गर्रकन वळलो. ती सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. चेहरा रोजचा.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठं काय?"

"आत्ता हसलीस तू."

"किल्ली उंबऱ्यावर आहे," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

मी तिथंच उभा राहून मी काय केलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. पुढे गेलो होतो, मागे आलो होतो. हात कुठं होता? तोंडानं काय म्हणत होतो? मी तीच वाट पुन्हा चालून पाहिली, पुढून मागे, मागून पुढे, पुटपुटत. आतून काही आलं नाही. कचेरीत मी पाऊण तास उशिरा पोचलो.